रडायच्या जागी येणारं हसू

दुपारची वेळ आहे. मधल्या खोलीत माझ्या थोरल्या जाऊबाई, गिरजाबाई, झोपल्या आहेत. त्यांचा खोकला ऐकू येत राहील अशा जागी, दाराशी बसून मी हे लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर लिहायचं म्हणजे कामठीला लेकीला, शकूला, चार ओळींचं पोस्टकार्ड. त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आहे. चालेल.

कोणाला वाचून दाखवायला हे लिहीत नाही. मी तेवढी धीट नाही. पण मला जे झालं ते आणखी एखाद्या बाईला झालं, आणि तिच्या घरच्यांनी तिला वेडी ठरवलं, तर हे कागद तिच्यापर्यंत कसेतरी पोचावेत असं वाटतं. आणि आज लिहायला बसले त्याचं कारण त्या मधल्या खोलीत आहे.

मी लहानपणापासून बुजरी. पाहुणे आले की कोठीत जाऊन बसायची. लग्न होऊन नागपुरात पाचपावलीच्या या घरात आले तेव्हा डोक्यावरचा पदर कपाळाच्या खालीच असायचा. राग आला, रडू आलं, फार आनंद झाला, तरी ते माझ्या चेहऱ्यावर कोणाला दिसलं नाही. माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं, पण हे होतं. माझं मन माझ्यापाशी राहायचं. ते आधी गेलं.

शकू लग्न होऊन गेल्यावर घरात आम्ही चार माणसं. हे, म्हणजे शकूचे बाबा. यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. शकू त्यांना मोठे बाबा म्हणायची, म्हणून मीही लिहिताना तेच म्हणते. तोंडानं मी त्यांना कधीच काही म्हटलं नाही, कारण भासऱ्यासमोर बोलायची रीत नव्हती. आणि त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, गिरजाबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. समोरच्या खोलीत दोन माग होते, एक यांचा आणि एक मोठ्या बाबांचा. सकाळपासून दोन्ही मागांची खटखट चालायची. ती थांबली तरच आम्ही मान वर करायचो.

त्या दिवशी मी कांड्या भरत होते. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या होडीसारख्या लाकडात, घालायची बारीक नळी; तिच्यावर सूत गुंडाळायचं. उजव्या हातानं चरखा फिरवायचा, डाव्या चिमटीतून सूत सोडायचं. हे काम मी बोलता बोलता, डोळे मिटून करत आले. त्या दिवशी सूत चिमटीत आहे की नाही तेच कळेना. पाहिलं तर बोटांत सूत होतं. बोटं माझी वाटत नव्हती.

चरखा थांबला तसा यांचा माग थांबला.

"काहून थांबली वं? सूत तुटलं का?"

मला 'काही नाही' म्हणायचं होतं. तोंडातून शब्दाऐवजी लाळ आली. गिरजाबाई चुलीपासून उठून आल्या, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"अवं माय! हिचं तोंड तं पाहा. एकीकडं गेलं ना सारं."

गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं लकवा मारला, कोणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा, गरम असतं. मोठे बाबा मागावरून उठले आणि म्हणाले, "कबुतर तुमच्या घरी ठेवा. रिक्शा आणा." सरकारी दवाखान्यापर्यंत ते रिक्शाच्या पुढं पायी चालत गेले, "हटा, हटा" ओरडत. हे मी सांगितलंच पाहिजे. पुढं जे झालं त्यात ते वाईट दिसतील, पण त्या दिवशी माझ्या रिक्शाला वाट त्यांनी काढून दिली.

*

दवाखान्यात मला फार भीती वाटली नाही. वॉर्डात ओळीनं खाटा, फिनाइलचा वास, सकाळी झाडूवाली, मग दूध आणि पाव, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्या मागं शिकणारी मुलं. माझ्या मेंदूतली एक बारीक नस बंद पडली होती असं त्यांनी यांना सांगितलं. रक्ताचा दाब वाढला होता, आणि आम्हाला तो असतो हेच माहीत नव्हतं. डावा हात हळूहळू हलायला लागला. तोंडही बरंचसं सरळ झालं. गिरजाबाई डबा घेऊन यायच्या, माझ्या केसांची गाठ सोडवून वेणी घालायच्या, बोलायच्या काही नाहीत. त्या कमी बोलणाऱ्याच. मला वाटलं, सुटलो.

शेजारच्या खाटेवर रामटेककडची एक बाई होती. अंगाला सूज होती तिच्या. तिची लेक पायाशी बसलेली असायची. मला गिळता येत नव्हतं तेव्हा त्या बाईनं स्वतःच्या धानाच्या लाह्या दुधात भिजवून लेकीच्या हातानं मला भरवल्या. "खाय वं बहिणी, आमच्या वावरातल्या आहेत," म्हणायची. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

एका सकाळी झाडूवाली फरशी पुसत असताना ती गेली. लेकीनं हंबरडा फोडला. माझी छाती भरून आली. मला वाटलं आता रडू फुटणार, आणि मी त्याची वाटही पाहत होते.

तेव्हा डाव्या गालाखाली काहीतरी हललं. कातड्याखालून मुंगी चालावी तसं. मग ओठ आपोआप बाजूला ओढला गेला, आणि माझ्या घशातून हसू बाहेर पडलं. मोठ्यानं. खदाखदा. बाजारात बायका टिंगल करताना हसतात ना, तसं. मी तोंड दाबलं तर ते नाकातून आलं. आत मी त्या बाईसाठी कळवळत होते आणि बाहेर मी हसत होते, आणि थांबायचं कसं ते मला सापडत नव्हतं.

सारा वॉर्ड वळून पाहायला लागला. आयानं धावत येऊन माझ्या तोंडावर चादर टाकली. "झाका बाई, झाका. कोणी मारन तुमाले." चादरीखाली मी हसतच राहिले. मग हसता हसता रडू आलं आणि मग काहीच आलं नाही.

चादर काढली तेव्हा त्या बाईची लेक माझ्यासमोर उभी होती. तिनं मला शिवी दिली नाही. नुसती पाहत राहिली. तिच्याच हातानं मी लाह्या खाल्ल्या होत्या. ती नजर अजून माझ्या अंगावर आहे.

*

घरी आल्यावर मी कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, दवाखान्यातलं दवाखान्यात राहील. तसं राहिलं नाही.

यांच्या बोटात धोट्याची टोकाची खिळी घुसली, रक्त आलं, मी हसले. हे स्वभावानं गमतीचे. म्हणाले, "वा, नवऱ्याचं बोट तुटलं आणि बायकोले तमाशा होऊन राहिला." मीही त्यात खरं हसून घेतलं. पण मग शेजारच्या द्वारकाबाई लेकीची सुपारी फुटल्याचे पेढे घेऊन आल्या. मला आनंद झाला. ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. मी पेढा हातात घेतला आणि ओक्साबोक्शी रडायला लागले.

"काहून रडून राहिली वं? काही माहीत आहे का तुले त्या पोराचं?" द्वारकाबाईंनी घाबरून विचारलं.

मी रडत पेढा पुड्यात परत ठेवला. त्यांनी पुडा उचलला आणि निघून गेल्या. पुढं ते स्थळ मोडलं. का मोडलं ते द्वारकाबाईंना माहीत होतं, मुलाकडचे जास्त मागत होते. पण गल्लीला माझं रडणं आठवलं.

तेव्हापासून कोणी चांगली बातमी माझ्या दारात आणेना. आनंदाच्या बातमीला मी रडायची आणि दुःखाच्या बातमीला हसायची, असं लोक म्हणायचे. नेहमी तसं नव्हतं. कधी कारल्याची भाजी पाहून रडायची, कधी कारण नसताना हसायची. पण लोकांनी लक्षात ठेवायचं ते ठेवलं.

मग आमच्या गल्लीतले एक म्हातारे विणकर वारले. आमच्याकडे मयतीच्या घरी बायका गळ्यात पडून रडतात. बाहेरून येणारी बाई दारापासूनच सूर काढते, घरातली उठून तिच्या गळ्यात पडते, दोघी एकमेकींच्या खांद्यावर तोंड ठेवून गेलेल्याचे गुण गात रडतात. मग दुसरी येते. ज्या घरी आपण असं रडलो नाही त्या घराशी आपलं नातं नाही असं धरतात. म्हणून मला जावंच लागलं. गिरजाबाईंच्या मागं मागं गेले, पदर पुढं ओढून. उंबऱ्यापाशी पोचले, आतून म्हातारीचा सूर ऐकला, आणि गालाखाली ती मुंगी चालली.

मी परत फिरायच्या आत हसू बाहेर पडलं.

आतला आवाज एकदम थांबला. एवढ्या बायका, आणि एकच आवाज होता, माझा. मग कोणीतरी म्हणालं, "मेल्याले हासली वं ही." गिरजाबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला घरी ओढत आणलं. त्या रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या, मला कळलं नाही. मनगटावर त्यांच्या बांगड्यांचे वळ उठले.

संध्याकाळी मोठ्या बाबांनी यांना मागाजवळ बोलावलं. मी चुलीपाशी होते, पण ते मला ऐकू जावं म्हणूनच बोलत होते.

"पांडुरंगा, समाजात तोंड दाखवायची सोय नाही राहिली. तिच्या डोक्यात फरक पडला."

"दादा, लकव्यानं कमजोर झाली ते."

"लकवा हाताले होते गा. हासू लकव्यानं येते का? आता एकच सांगतो. अजून एक डाव कोणाच्या मयतीत हासली, तं मी स्वतः नेऊन पागलखान्यात घालतो. तिच्याच भल्यासाठी."

यांनी मागावरचं तुटलेलं सूत जोडायला घेतलं. घरात मोठ्या बाबांचा शब्द शेवटचा असायचा. नागपुरात आम्हाला सगळ्यांनाच पागलखान्याची ती लांब भिंत माहीत होती. शकू लहान असताना त्या रस्त्यानं रिक्शा गेली की ती माझ्या मांडीत तोंड लपवायची. आमच्या ओळखीतली एक बाई आत गेली होती. तिचं माणूस पहिल्यांदा दर आठवड्याला जायचं, मग सणाला, मग त्यानं दुसरी केली. मला भिंतीची भीती नव्हती. विसरलं जाण्याची होती.

*

औषधासाठी पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा यांनी माझ्यासाठी डॉक्टरांना विचारलं. मी मान खाली घालून बसले होते. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी मला हसू कसं येतं ते विचारलं. मी गालावर बोट ठेवून दाखवलं. मग त्यांनी सांगितलं ते मला आठवतं तसं लिहिते.

हसण्या-रडण्याची यंत्रं मेंदूत खाली, खोल असतात. तान्ह्या पोराच्यातही असतात. मेंदूचा वरचा भाग त्यांच्यावर हात ठेवून असतो. आता हस, आता नको, आता एवढंच, असं तो सांगतो. माणूस मोठं होतं म्हणजे तो हात तयार होतो. माझी नस बंद पडली तेव्हा वरून खाली जाणारी वाट तुटली. खालचं यंत्र तसंच आहे, त्याला आवरणारं कोणी नाही. थोडा धक्का लागला की सुटतं, आणि रडायचं की हसायचं तेही त्याला नीट कळत नाही.

यांनी मागावर दाबावा तसा पाय फरशीवर दाबून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे असं का साहेब, मागावर आपण पायानं फळी दाबतो, पण मधातली दोरीच तुटली आहे? म्हणून भलतंच सूत वर येते?"

"हो, तसंच," डॉक्टर म्हणाले. "वेड नाही हे. तुमच्या बायकोला आत सगळं कळतं, वाटतं. चेहरा तेवढा तिच्या हातात नाही."

मला एक विचारायचं होतं. घरी येईपर्यंत ते ओठावर आलं नाही आणि नंतर कधीच आलं नाही. विचारायचं होतं की आत वाटतं ते खरं, हे तुम्हाला कशावरून ठाऊक? कारण मलाच कधीकधी शंका यायची. हसू सुटलं की अंग हलतं, श्वास हसण्याचा होतो, डोळे बारीक होतात, आणि त्या गडबडीत आतलं दुःख कुठं गेलं ते मला सापडायचं नाही. पाण्यात पडलेली सुई शोधावी तसं शोधायची. जन्मभर चेहरा झाकला तेव्हा मन शाबूत होतं. आता चेहरा उघडा पडला आणि मन कुठं आहे ते कळेना. रडू न येणं एवढं भयानक नव्हतं. खरंच मेल्याला हसणारी बाई माझ्या आत असेल तर, हे भयानक होतं.

डॉक्टरांनी एक गोळी दिली. तिनं तोंड कोरडं पडायचं, डोळ्यांवर झापड यायची. पण हसू कमी झालं. पूर्ण जाणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. ज्या कोणाला ही गोळी सुरू होईल तिनं तोंडात खडीसाखर धरावी आणि गोळी मनानं सोडू नये. आणखी एक. गाल चावून उपयोग होत नाही, माझ्या गालाला आतून घट्टे पडले. मुंगी चालली की लगेच सगळा श्वास बाहेर सोडायचा आणि जमिनीकडे बघायचं. कधी जमतं, कधी नाही.

यांनी घरी येऊन मोठ्या बाबांना सगळं सांगितलं, फळीचं आणि दोरीचंही. मोठे बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माग लाकडाचा असते गा. माणसाचं हासू मनातून येते. हे डॉक्टरले नाही समजत." गिरजाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, पण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

*

पुढच्या उन्हाळ्यात मोठ्या बाबांचे डोळे पिवळे झाले. आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध दिलं, मग दवाखाना झाला. पोट फुगत गेलं आणि हातपाय काडीसारखे झाले. त्यांचा माग बंद पडला. एका मागाची खटखट ऐकण्याची सवय आम्हाला होईना. मधेच वाटायचं, दुसरा आता सुरू होईल.

मी त्यांच्या खोलीत जात नसे. पेज, औषध सगळं गिरजाबाई करायच्या. एक दिवस त्या नळावर होत्या, हे बाजारात गेले होते, आणि आतून त्यांनी पाणी मागितलं. दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा आवाज फुटेना. मी पदर ओढून तांब्या घेऊन गेले. खाली पाहत होते, म्हणून मला त्यांचे पाय दिसले. हेच पाय माझ्या रिक्शाच्या पुढं चालले होते. आता टाचा नुसत्या हाडाच्या, आणि नखं पिवळी.

मी तांब्या पुढं केला. आणि मुंगी चालली.

मी श्वास सोडला. जमिनीकडे बघितलं. जमिनीवर त्यांचेच पाय होते. हसू आलं. तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं, मी दाराची चौकट धरून हसत राहिले.

मोठे बाबा रागावले नाहीत. तेच वाईट होतं. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं, जसं डॉक्टरकडे पाहतात. मग भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "समजलं."

त्या दिवसापासून घरात नवीनच सुरू झालं. गल्लीतून जो कोणी भेटायला येई तो आधी माझ्या तोंडाकडे बघे. मला ऐकू येईल असं विचारी, "सुभद्रा हासली का काही?" दवाखान्यात मी हसले तेव्हा ती बाई आधीच मेली होती, म्हाताऱ्याच्या दारात हसले तेव्हा म्हाताराही मेलेलाच होता. पण आता बोलणं असं झालं की मी हसले म्हणून माणूस जातं. मोठे बाबा स्वतः गिरजाबाईंना विचारायचे, "आज हासली का ते?" आणि नाही म्हटलं की पेज पिऊन घ्यायचे. मी दिवसभर पाठीमागच्या अंगणात बसून राहायला लागले. माझा चेहरा घरातल्या मरणाचं घड्याळ झाला होता.

शेवटी शेवटी त्यांनी यांना जवळ बोलावलं. मी भिंतीपलीकडे होते.

"मी गेल्यावर सारा गोत येईन. ती हासन, पाहजो तू. सगळ्यायसमोर हासली तं दिवस होऊ दे, मग तिले पोचवून दे. शब्द दे मले."

मी भिंतीला कान लावला. मग यांचा आवाज ऐकू आला. "बरं दादा."

*

ते सकाळी गेले, दोन्ही माग बंद असताना.

रामटेककडून, कामठीकडून, उमरेडकडून माणसं आली. शकूही आली. घर बायकांनी भरलं. गिरजाबाई मधोमध बसल्या होत्या, कपाळ पुसलेलं, डोळे कोरडे. एकेक बाई येऊन त्यांच्या गळ्यात पडत होती. मी मागच्या दाराशी भिंतीला लागून उभी होते. गोळी सकाळीच घेतली होती, जीभ टाळूला चिकटली होती. मी श्वास सोडत होते, जमिनीकडे बघत होते, आणि साऱ्या बायका मधूनमधून मान वळवून माझ्याकडे बघत होत्या. त्या माझी वाट पाहत होत्या.

यांच्याकडे पाहिलं. हे पुरुषांत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे खाली केले. तेव्हा मला कळलं, दिलेला शब्द हे पाळतील.

द्वारकाबाई आल्या. त्यांनी सूर काढला, "कसे सोडून गेले वं माझे भाऊ, सुताच्या घरचे राजे..." आणि माझ्या गालाखाली मुंगी चालली.

मी वळले. मागच्या दारातून अंगणात जायला हवं होतं. पण धाकट्या जावेनं मयतीतून उठून जायचं नसतं, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"सुभद्रे! कुठं चालली वं? माझ्या गळ्यात कोण पडन मंग?"

गिरजाबाई उठून आल्या होत्या. एवढ्या बायकांतून वाट काढून. मी मान हलवत होते, नको नको. ओठ ओढला गेला होता. त्यांनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि माझं तोंड आपल्या खांद्यात असं दाबलं की माझा श्वास बंद झाला. आपला पदर माझ्या डोक्यावरून ओढला. हसू फुटलं, ते त्यांच्या मानेत. आणि त्याच क्षणी त्यांनी एवढा मोठा सूर काढला की घर हादरलं. मी हसून गदागदा हलत होते, त्या मला धरून हलत होत्या. बाहेरून दोन बाया रडताना हलतात तशाच आम्ही हलत होतो.

सूर आणि सूर यांच्यामध्ये, श्वास घेताना, त्या माझ्या कानात बोलत होत्या. "हास. हास तू. मी आहो. सोडू नको मले."

किती वेळ गेला माहीत नाही. हसू संपलं आणि त्याच्यामागून रडू आलं, ते माझं स्वतःचं होतं. मी मान वर केली तेव्हा माझा चेहरा ओला होता. गिरजाबाईंचाही. कोणीतरी म्हणालं, "भासऱ्यासाठी एवढी रडली वं." द्वारकाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेराव्यानंतर गिरजाबाईंनी यांना विचारलं, "भाऊजी, त्यायनं तुमच्यापासून काही शब्द घेतला होता ना?"

"हो वहिनी."

"सगळ्यायसमोर हासली का ते?"

यांनी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग सुटले तुम्ही. माग सुरू करा."

*

पुढं कधीतरी कांड्या भरताना मी त्यांना विचारलं, तुम्ही असं का केलं. माझ्यानं सरळ विचारणं झालं नाही, सूत जोडता जोडता अर्धवट विचारलं. त्यांनी भरलेली कांडी काढून टोपलीत टाकली.

"मले रडू नव्हतं येऊन राहिलं वं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून साऱ्या पाहून राहिल्या, गिरजाचे डोळे कोरडे. त्यायनं मले मूल होत नाही म्हणून किती वर्षं काय काय म्हटलं, ते तुले काय सांगू? आत काही हालतच नव्हतं. तू हालली तेव्हा मी हालली. तुले हासू आवरे ना, मले रडू ये ना. दोघींचं भागलं."

एवढं बोलून त्या उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. माझी सगळी शंका मी त्यांच्या पाठीकडे बघत तिथं सोडून दिली. आत काय आहे आणि बाहेर काय येतं याचा मेळ त्यांचाही बसत नव्हता, आणि त्यांना लकवा झाला नव्हता.

त्यानंतर कोणाचीही मयत असो, आम्ही दोघी जोडीनं गेलो. दारात सूर त्या काढायच्या, मी त्यांच्या खांद्यात तोंड घालायची. लोक म्हणायचे, या जावा सख्ख्या बहिणींसारख्या. दुसऱ्या कोणा बाईला हे झालं तर मी एवढंच सांगेन. गोळी घ्या, श्वास सोडा, घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आणि एक तरी खांदा शोधून ठेवा.

पण आता गिरजाबाईंच्या छातीत पाणी झालं आहे. काल डॉक्टर येऊन गेले. त्यांनी चहा घेतला नाही, यांच्याशी अंगणात बोलले. सकाळी गिरजाबाईंनी मला उशाशी बसवलं. त्यांचं आता एकेक वाक्य तुटत येतं.

"मी गेली का, कोणाच्या खांद्यात घालशीन तोंड?"

मी म्हटलं, असं बोलू नका.

"शकूले सांगितलं आहे मी. पण ते वेळेवर पोचते का नाही." थांबून त्यांनी दम घेतला. "नाही पोचली तं हास. खुशाल हास. मले समजन, सुभद्रा आली."

शकूला तार गेली आहे. ती दुपारच्या बसनं येणार. अजून ती आलेली नाही. हे तिला आणायला बसवर गेले आहेत. गल्लीतल्या बायका दोनदा दारावरून गेल्या आणि दोन्ही वेळा आधी माझ्याकडे पाहिलं.

लिहिण्याच्या नादात माझं लक्ष गेलं नव्हतं. आतला खोकला थांबला आहे. कधी थांबला ते कळलं नाही. हाक मारली, ओ आली नाही.

डाव्या गालाखाली काहीतरी हललं आहे. मी आत जाते.